‘गौण’ खनिजाची मोठी खाण : मांजरेची वाळू, नदीतले मासे आणि कायद्याची दीडशे वर्षे

१/
१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. ‘जलदूत’ हे तिचे नाव. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद असा मार्ग कापत ती मुरुड स्थानकावरून लातूरकडे गेली. याच मुरुडच्या परिसरात तावरजा नदीचा उगम आहे. म्हणजे एका नदीच्या उगमाजवळून दुसऱ्या खोऱ्यातील पाणी रुळांवरून वाहून नेले जात होते.

२/
तावरजा पुढे शिवणीजवळ मांजरेला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. २०१६ च्या टंचाईची कारणे अनेक होती : ओळीने आलेली अपुऱ्या पावसाची वर्षे, धनेगावचे कोरडे पडलेले धरण, भूजलाचा बेसुमार उपसा, उसाचे क्षेत्र. त्यांची चर्चा भरपूर झाली. नदीच्या पात्रातील वाळूची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली. हा धागा त्या वाळूचा, तिच्या आश्रयाने जगणाऱ्या माशांचा आणि दोघांना ओळखण्यात कायद्याला लागलेल्या विलंबाचा इतिहास आहे.

३/
खाणकाम आणि मासा यांच्यातील संघर्षाचे जगात सर्वाधिक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील अलास्का राज्यात घडले. ते आधी समजून घेतले, तर मांजरेचा प्रश्न कुठे वेगळा आहे हे स्पष्ट होते. अलास्काच्या नैर्ऋत्येला ब्रिस्टल उपसागर आहे. जगातील रानटी सॉकाय सॅमन माशांपैकी सुमारे निम्मे या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत जन्मतात. २०२२ मध्ये येथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय समुद्रातून नद्यांकडे परतले. युपिक, देनाइना आणि अलुटिक या आदिवासी समाजांचे जीवन हजारो वर्षे या माशावर उभे आहे.

४/
याच नद्यांच्या उगमक्षेत्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस तांबे, सोने आणि मॉलिब्डेनमचा प्रचंड साठा सापडला. ‘पेबल’ या नावाने खाणीचा प्रकल्प पुढे आला. २०१० मध्ये तेथील सहा आदिवासी जमातींनी केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेकडे धाव घेतली आणि १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यातील कलम ४०४(क) वापरण्याची मागणी केली. जलस्रोतांत खाणीचा भराव टाकण्यास मनाई करण्याचा अधिकार या कलमाने संस्थेला दिला आहे.

५/
२०१७ मध्ये कंपनीने परवान्यासाठी अर्ज केला, तो संपूर्ण साठ्यासाठी नव्हे, तर २० वर्षांच्या तुलनेने लहान खाणीसाठी. एकदा रस्ते, वीज आणि बंदर झाले की खाण वाढतच जाईल, असे विरोधकांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये परवाना नाकारण्यात आला. ३० जानेवारी २०२३ रोजी पर्यावरण संस्थेने अंतिम मनाई जाहीर केली. या ‘लहान’ आराखड्यानेही सॅमनचा वावर असलेले साडेआठ मैल प्रवाह, त्यांना पाणी पुरवणारे आणखी ९१ मैल प्रवाह आणि २,१०० एकरांहून अधिक पाणथळ जमीन कायमची नष्ट झाली असती, असा तिचा निष्कर्ष होता.

६/
सॅमनची मादी वाहत्या पाण्यातील गोट्या-खड्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि वरून खडे पसरते. खड्यांच्या फटींतून प्राणवायूयुक्त पाणी खेळत राहिले तरच अंडी जगतात. फटींत गाळ बसला की ती गुदमरतात. म्हणून सॅमन वाचवायचा, तर नदीचा तळ वाचवावा लागतो. हा नियम केवळ थंड प्रदेशापुरता नाही. दख्खनच्या नद्यांतील महाशीर माशाची अंडीही तळाशी बसतात, आणि त्यांनाही स्वच्छ खड्यांचा तळ लागतो.

७/
सॅमन आणि महाशीर यांची तुलना जुनी आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गळाला लागल्यावर झुंजण्यात महाशीर सॅमनहून सरस ठरतो, असे मत मांडले. त्याआधी, १८३९ मध्ये, कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली होती. अनेक जातींना त्यांनी मराठी मच्छीमारांच्या तोंडची नावेच दिली. त्यामुळे खुद्री, कोळस, शिंगटी यांसारखे शब्द थेट लॅटिन नामावलीत गेले. दख्खनी महाशीरचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ असेच आहे.

८/
मराठवाड्याच्या नद्यांत वाळू म्हणजे वस्ती होती. वाम हा लांबट मासा दिवसा वाळूत-गाळात अंग दडवून राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. लहानशी मुरीही वाळूत शिरून बसते. भोई समाज पावसाळ्यात व हिवाळ्यात मासेमारी करी आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळवंटात टरबूज, खरबूज, काकडीच्या वाड्या लावी. नदी वरून कोरडी दिसली, तरी पात्रात हात-दोन हात झिरा खणला की गाळून आलेले पाणी लागे. मासा, वाडी आणि झिरा या तिन्हींचा आधार एकच होता : ओली वाळू.

९/
या ओल्या वाळूचा हिशेब साध्या गणिताने मांडता येतो. महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. पूर्ण भिजलेल्या वाळूच्या घनफळात ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्सा पाण्याचा असतो. म्हणजे एका ब्रासच्या फटींत ७०० ते ९०० लिटर पाणी सामावते. त्यातले सगळे काढता येत नाही, हे खरे. तरीही ‘जलदूत’ने पहिल्या फेरीत आणलेले पाच लाख लिटर पाणी साधारण सहा-सातशे ब्रास वाळूच्या पोटात मावेल एवढे होते. शिवाय वाळू जागेवर असेल, तर हे भांडार दर पावसाळ्यात विनामूल्य भरते.

१०/
कायद्याने मात्र वाळू आणि मासा यांना कधी एकत्र पाहिले नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायाची पाहणी केली आणि माशांच्या बेबंद संहाराकडे सरकारचे लक्ष वेधले. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. पाण्यात स्फोटके उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा त्याने गुन्हा ठरवला. मासा कसा मारू नये, हे कायद्याने सांगितले. मासा ज्या तळावर जन्मतो, तो तळ कोणी उचलून नेला तर काय, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते. शिवाय तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता आणि लातूर-नांदेडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता.

११/
स्वातंत्र्यानंतर १९५७ चा खाण व खनिजे कायदा आला. त्याने खनिजांची विभागणी केली. लोह, कोळसा, तांबे यांसारखी खनिजे प्रमुख ठरली. इमारतीचा दगड, मुरूम-खडी, साधी माती आणि साधी वाळू यांना ‘गौण खनिज’ हे नाव मिळाले. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ नुसार राज्यांकडे गेला. विभागणीमागचा विचार समजण्यासारखा होता. घर बांधणाऱ्याला चार गाड्या वाळूसाठी दिल्लीचे दार ठोठावायला लावणे हास्यास्पद ठरले असते. मात्र ‘गौण’ हा शब्द खनिजाच्या बाजारमूल्यावरून ठरला होता. नदीच्या दृष्टीने वाळू गौण आहे काय, हे कोणी तपासले नव्हते.

१२/
१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ४८ ने खनिजांवरील सरकारची मालकी आणि विनापरवाना उत्खननावरील दंड यांची तरतूद केली. वाळूघाटांचा लिलाव, स्वामित्वधन, वाहतूक पास, पंचनामा ही सारी व्यवस्था महसूल खात्याच्या हाती आली. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार हेच वाळूचे पहारेकरी आणि वाळूपासून मिळणारा महसूल गोळा करणारेही तेच. वहीत वाळूची नोंद ब्रास आणि रुपये या दोन रकान्यांत होत असे. मासे, झिरे आणि वाड्या यांना रकाना नव्हता.

१३/
तरीही काही दशके नदी टिकून राहिली, कारण मागणी थोडी होती. मराठवाड्यातील घर दगड-मातीच्या रुंद भिंतींचे आणि वर मातीचा जाड थर असलेल्या माळवदाचे असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हीच जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. माळवदावरचा विश्वास उडाला आणि सिमेंट-काँक्रीटचे घर हे सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले. त्या भीतीत गैर काही नव्हते. पण काँक्रीटच्या प्रत्येक घरासोबत वाळूची गरज कायमची वाढली.

१४/
पुढच्या काळात शहरे फुगली, रस्ते-पूल वाढले आणि वाळूला सोन्याचा भाव आला. हे जगभर घडले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरली जाते. पाण्यानंतर सर्वाधिक वापरला जाणारा नैसर्गिक पदार्थ हाच. उपसण्याचे साधनही बदलले. फावडे-घमेले आणि बैलगाडी मागे पडून जेसीबी, हायवा आणि तराफ्यांवर बसवलेले सक्शन पंप पात्रात उतरले. माणूस वाळवंटातील वरची वाळू खरवडत असे. पंप पाण्याखालचा तळच ओढून घेतो.

१५/
याचे परिणाम ठरावीक क्रमाने दिसतात. पात्रात खोल खड्डे पडतात. प्रवाह ते भरून काढण्यासाठी वरच्या बाजूचा तळ आणि काठ खातो. पंपाने ढवळलेला बारीक गाळ खालच्या अंगाला खड्यांच्या फटींत बसतो आणि अंडी गुदमरतात. नदीची पातळी खाली गेली की काठच्या विहिरींतील पाणी तिच्याकडे उतरते. पुलांचे पाये उघडे पडतात. भोयांची वाडी लावायला वाळवंट उरत नाही, आणि झिरा खणला तर हाताला चिकट माती लागते.

१६/
मांजरेच्या वाळूचे भूशास्त्रही ध्यानात घ्यावे लागते. लातूर-मुरुडचा भाग काळ्या बेसाल्टचा. बेसाल्ट झिजला की मुख्यतः काळी चिकणमाती होते, वाळू थोडी. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, ग्रॅनाइटी खडक उघडे पडतात. त्यांतील क्वार्ट्झचे कण म्हणजे बांधकामाला उत्तम वाळू. म्हणूनच सगरोळी, येसगी या गावांच्या घाटांना मोल आले. वरच्या भागात वाळू मुळात कमी तयार होते, आणि जी होते तिचा बराचसा भाग धरणे व बंधारे अडवतात. अशा नदीतून दरवर्षी किती वाळू काढता येईल, हे केवळ लिलावाच्या बोलीवरून ठरवणे शक्यच नाही.

१७/
आता या इतिहासातील कळीचा टप्पा. १४ सप्टेंबर २००६ रोजी केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना काढली. खाणपट्टा पाच हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल, तर पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली. त्याहून लहान पट्टे मोकळे राहिले. कायद्याची रेघ एकदा माहीत झाली की तिच्या आतल्या बाजूला उभे राहणे सोपे असते. हरियाणात २०११ मध्ये नदीपात्रांतील खनिजांसाठी काढलेल्या लिलावाच्या सूचनांत साडेचार हेक्टरांपर्यंतचे पट्टे होते. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. कागदावर सगळ्या लहान खाणी, नदीत एकच मोठी.

१८/
२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या प्रकरणात या युक्तीवर बोट ठेवले. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. चंद्रमौळी कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाने म्हटले, त्याचा आशय असा : एकेका लहान पट्ट्याचा परिणाम नगण्य वाटला, तरी सर्वांचा मिळून होणारा परिणाम नदीच्या जीवसृष्टीवर मोठा आघात करू शकतो. त्यामुळे पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली. ५ ऑगस्ट २०१३ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मंजुरीविना वाळूउपशास देशभर मनाई केली.

१९/
महाराष्ट्रात ही लढाई आधीच सुरू झाली होती. कोकण किनाऱ्यावरील वाळूउपशाविरुद्ध सुमैरा अब्दुलाली यांच्या ‘आवाज फाउंडेशन’ने जनहित याचिका केली आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी नसलेल्या वाळूउपशाला चाप लावला. २०१५ मध्ये राज्याने १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात दुरुस्ती केली. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्या पंगतीत ‘वाळू तस्कर’ हा शब्द कायद्याच्या नावातच दाखल झाला. १९५७ मध्ये गौण ठरलेल्या पदार्थाच्या चोरीसाठी अवघ्या सहा दशकांत विनाखटला स्थानबद्ध करण्याची तरतूद करावी लागली.

२०/
धोरणांचे लंबक त्यानंतरही हलत राहिले. २०२३ मध्ये राज्याने लिलाव थांबवून सरकारी डेपोंतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची वाट धरली गेली आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूच्या वापराला प्रोत्साहन देण्याचे ठरले. स्वस्त घर हवे, ही मागणी न्याय्य आहे. घरकुल बांधणाऱ्याला वाळू परवडली पाहिजे, यात दुमत नसावे. परंतु ही सारी धोरणे मुख्यतः वाळू कोणी आणि कोणत्या भावाने विकावी, याभोवती फिरली. नदी ती किती देऊ शकते, हा प्रश्न मागेच राहिला.

२१/
त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची व्यवस्था कायद्यात आहे. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याला ‘जिल्हा सर्वेक्षण अहवाल’ तयार करणे बंधनकारक केले. कोणत्या नदीत वाळू कुठे साठते, किती साठते आणि कुठे उपसा वर्ज्य, हे त्यात यावे लागते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाला वाळूपट्टे देण्याच्या प्रक्रियेचा पाया मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले : पुनर्भरणाचा अभ्यास, म्हणजे उपसलेली वाळू नदी दरवर्षी किती भरून काढते याची मोजणी, नसेल तर असा अहवाल ग्राह्य नाही.

२२/
अलास्का आणि मराठवाडा यांतील फरक येथे स्पष्ट होतो. तिथे एक खाण, एक अर्जदार, एक नकाशा आणि एक निर्णय होता. तेरा वर्षांच्या लढ्यानंतर एका सहीने ती खाण थांबली. मांजरेत अशी एक खाण कधी नव्हतीच. ती रात्रीच्या ट्रॅक्टरांची, पाच हेक्टरांच्या आतल्या पट्ट्यांची, एका पासवर होणाऱ्या चार फेऱ्यांची मिळून बनलेली खाण आहे. तिचा कोणी एक मालक नाही, त्यामुळे तिला थांबवणारी एक सहीही नाही. तिचे आकारमान कळण्याचा एकच मार्ग आहे : सगळे तुकडे एका वहीत मांडून बेरीज करणे.

२३/
सॅमन दरवर्षी कोटींच्या संख्येने परततो आणि मोजला जातो, म्हणून त्याचे नसणे दिसू शकते. वाम, मुरी आणि भोयांच्या वाड्या कोणी मोजल्या नाहीत. त्या कमी झाल्याची नोंद सरकारी कागदात सापडत नाही. ज्याची नोंद नसते, त्याची हानीही कागदावर होत नाही. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचे महत्त्व यातच आहे. त्यात जे लिहिले जाईल, त्याच्याच आधारे पुढे नदीची बाजू मांडता येईल.

२४/
म्हणून २०१६ च्या त्या अधिसूचनेतील एक छोटी तरतूद प्रत्येक इतिहासप्रेमीने लक्षात ठेवावी. अहवालाचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस जनतेच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो, आणि अहवाल दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. तावरजेच्या पात्रात पूर्वी झिरा कुठे खणत, वाड्या कुठे लागत, वाम कोणत्या डोहात मिळे, हे गावातल्या वृद्धांना अजून आठवते. ही माहिती स्थळ-काळासह लिहून त्या २१ दिवसांत दाखल करता येते. स्थानिक इतिहासाचा इतका थेट उपयोग क्वचितच असतो.